होडीबाहेर लोंबणारा दोर

ता. ४, मंगळवार

आज मी मुद्दाम पाण्यात पडले आणि पडल्यावर इतकं हसू आलं की नाकातोंडात पाणी गेलं.

हे लिहायला लावणारी आमची बेडकी. बेडकी म्हणजे माझ्या मुलाची मुलगी. लहानपणी आंघोळीच्या टबातून बाहेर यायला तयार नसायची, म्हणून मी हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की आता तिच्या ऑफिसातसुद्धा तिला हेच म्हणतात. ऑफिस म्हणजे तलावावरची होडीशाळा. तिथे ती मोठ्या माणसांना होडी शिकवते. वर्गातल्या सगळ्यांना तिनं सांगितलंय, आज काय केलं ते घरी जाऊन लिहा, म्हणजे अंगात मुरतं. मी म्हटलं, अगं मी तिसरीत शाळा सोडली, माझं अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून चालल्यासारखं. तर म्हणते, "कोंबडी तर कोंबडी. चालू दे तिला."

आता या वयात मी तिथे कशी गेले, ते सांगते. रविवारी मुलगा आला होता. हे नुकतेच आंघोळ करून आले होते. बनियन घालायला हात वर केले आणि मुलाला दिसलं, दोन्ही काखांखाली काळंनिळं आणि छातीवर आडवा पट्टा. "बाबा, हे काय?" तर हे म्हणतात, "ओंडका उचलला." आमच्याकडे ओंडका कुठून आला? आम्ही गॅसवर स्वयंपाक करतो. पण चहा उतू जात होता, म्हणून तेव्हा माझं बोलायचं राहिलं.

मुलगा लिफ्ट तपासायच्या नोकरीत आहे. चाचणी झाल्याशिवाय तो कुणाला लिफ्टमध्ये पाऊल ठेवू देत नाही, मग तो मालक का असेना. तोच नियम त्यानं बापाला लावला. "तुम्ही रोज एकटे तलावात जाता. पडलात तर परत होडीत चढता येईल का? एकदा मला चढून दाखवा आणि मग खुशाल जा. नाहीतर महिनाअखेर होडी बेडकीच्या शाळेला देऊन टाकू."

मला वाटलं, आता हे घर डोक्यावर घेणार. आमटीत मीठ कमी पडलं तर आवाज चढवणारा माणूस हा! आणि होडी तर ह्यांनी स्वतः बांधलेली. मला एकवेळ विसरतील, पण तिला रंग लावायचं विसरणार नाहीत. पण हे गप्प. बनियन खाली ओढलं आणि म्हणाले, "बघू."

बघू? मला काही समजेना. मग मीच म्हटलं, मी जाते बेडकीच्या वर्गात, शिकून येते आणि ह्यांना घरी शिकवते. मुलगा म्हणाला, "आई, तू?" त्याचा तो 'तू' असा होता, की मी दुसऱ्याच दिवशी नाव घातलं.

तिथे आधी वल्ही हातात देतच नाहीत. आधी पडायचं आणि परत चढायचं. बेडकी म्हणाली, "जायला कुणालाही येतं गं आजी. परत यायचं आधी शिक." मला हे सगळं उलटंच वाटतं. आधी जाऊ तर द्या! अंगात तरंगायचं जाकीट असतं, त्यामुळे बुडत नाही मी. पण चढायचं कसं? हातांवर जोर दिला की पाय आपोआप होडीखाली शिरतात आणि मग भिंतीवरच्या पालीसारखं नुसतं चिकटून राहायचं. आज चढता आलं नाही. बेडकीनं मागून ढकललं तेव्हा आत पडले.

पण मजा आली. लग्नाआधी पोहायचे मी थोडं. ते हातापायांना आठवत होतं.

ता. ५, बुधवार

आज ह्यांनी मासे आणले. साफ करायला घेतले तर ओठाला भोकच नाही.

लग्न झाल्यापासून मी ह्यांचे मासे साफ करतेय. हे गळानं धरतात. जाळं म्हणजे आळशी माणसाचं काम असं ह्यांचं मत, आणि गळाच्या माशाच्या ओठाला भोक असतंच असतं. मी चष्मा पुसून परत बघितलं. नव्हतंच.

"अहो, ह्याला भोक नाही."

"मग तळायचा नाही का तो?"

तळला. चवीला चांगला होता. पण भोक नव्हतं.

ता. ७, शुक्रवार

वर्गात माझ्यासोबत एक दातांचे डॉक्टर आहेत. अंगानं धिप्पाड, पण पाण्याला इतके घाबरतात की पायरीवरूनच ओरडायला लागतात. आज मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "डॉक्टर, जराही दुखणार नाही. आ करा आणि उडी मारा." सगळे हसले. डॉक्टरपण हसले, पण उडी मारली नाही ती नाहीच.

बेडकीनं आज युक्ती सांगितली. हातांनी स्वतःला वर ओढायचं नाही. आधी पाण्यात पालथं आडवं व्हायचं, पाय मागे पाण्यावर येतील असे मारायचे, आणि मग पोट होडीच्या कडेवरून सरकवायचं. "आजी, उभ्यानं चढायला जाऊ नकोस, ती काय बस आहे? सुसरीसारखी ये." शिवाय तिच्या होड्यांना मागच्या बाजूला दोराचा एक मोठा फेरा बांधलेला असतो, तो पाण्यात लोंबतो. त्यात पाय घातला की पायरी होते. तरीसुद्धा आज माझं पोट कडेवर आलं आणि तिथेच अडकलं, अर्धी आत, अर्धी बाहेर. बेडकी म्हणाली, "फोटो काढू?" मी म्हटलं, काढ, आजोबांना पाठव.

पायात रबरी चपला घालून गेले होते. त्यावरून आठवलं, ह्यांच्या नव्या चपलेचं काय झालं, ते मला अजून उलगडलेलं नाही. मुलगा आला त्याआधीच्या गुरुवारी हे जेवायला वेळेवर आले नाहीत. मी दोनदा बाहेर डोकावून आले. आले तेव्हा अंगभर भिजलेले आणि एकाच पायात चप्पल. म्हणाले, "होडी धुतली." होडी धुताना माणूस केसांपर्यंत कसा भिजतो? बरं, होडी धक्क्याला नव्हतीच. ती तिकडे लव्हाळ्यात बांधून हे चालत आले होते. तिथे गुडघाभर पाणी असतं, मासा तर औषधालासुद्धा नाही. "तिकडे कशाला बांधली?" तर म्हणे, "सावली असते." लव्हाळ्याची सावली फार तर बदकाला पुरेल! मग न जेवताच झोपले. दुपारभर पांघरुणात. मी कपाळाला हात लावून बघितला, ताप नव्हता. पण हात लावल्यावर माझा हात धरून ठेवला. मला उठून भांडी घासायची होती, तरी ठेवू दिला.

काय चाललंय त्यांचं, कळत नाही.

ता. ८, शनिवार

ह्यांना त्या दोराच्या पायरीबद्दल सांगितलं. म्हटलं, आपल्या होडीलाही एक लावू या. तर एकदम तडकले. दोर होडीबाहेर लोंबणं म्हणजे विजारीची नाडी बाहेर लोंबवत बाजारात जाणं, असं त्यांना वाटतं. ह्यांच्या होडीत सगळं जागच्या जागी. दोराचं वेटोळं असं घालतात की सापानंसुद्धा बघून शिकावं. बाहेर एक खिळा नाही, खुंटी नाही, दोरा नाही. कड तर दर वर्षी घासून तेल लावून इतकी गुळगुळीत केलेली, की माझा हात एकदा ठेवला की घसरतो.

"इतकी वर्षं होडी चालवतोय, कधी दोर बाहेर ठेवला नाही," म्हणाले. आणि मग जरा थांबून, "कधीच ठेवला नाही."

तेच दोनदा. आणि दुसऱ्यांदा अशा आवाजात, की मी पुढे बोललेच नाही. माझ्यासारखी बाई बोलायची थांबली म्हणजे बघा.

ता. ११, मंगळवार

दुकानात जाळीवाला भेटला. हा पलीकडच्या घाटावर राहतो आणि जाळ्यानं मासे धरतो. ह्यांचं आणि त्याचं वरवर वाकडं, पण आतून एकमेकांशिवाय चैन पडत नाही. म्हणाला, "काकू, काका हल्ली लव्हाळ्यातच बसून असतात. बदकं पाळायचा विचार आहे का?"

मी हसले, पण घरी येईपर्यंत हसू गेलं. लव्हाळ्यात बसून काय करतात? तिथे मासा नाही. मग मासे येतात कुठून? आणि गेल्या बुधवारपासून ह्यांनी आणलेल्या एकाही माशाच्या ओठाला भोक नाही. म्हणजे जाळ्याचे. म्हणजे जाळीवाल्याकडून आणतात! जाळ्याच्या माशाला नाक मुरडणारा माणूस!

डोकं दुखायला लागलं. ह्यांना विचारायला हवं, पण विचारायला गेलं की चेहरा असा करतात, की मीच दुसरं काहीतरी विचारते. आज विचारलं, "चहा घेणार?"

ता. १४, शुक्रवार

चढले! चढले! चढले!

आज पोट अडकलं नाही. दोरात पाय, पायांनी पाण्यावर सपासप, आणि मग हे माझं सगळं धूड कडेवरून घसरून होडीत. तोंड खाली, पाय वर, जाकीट कानापर्यंत. तिथे होडीच्या तळात पडल्या पडल्या मला जे काही वाटलं, ते मला लिहिता येत नाही. मुलगा झाला तेव्हा असं वाटलं होतं, पण तेव्हा दुखलंही होतं. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. मग मी त्यांना म्हटलं, आता तुमची पाळी, तर त्यांच्या टाळ्या बंद.

घरी येऊन कपडे बदलताना आरशात बघितलं आणि हातातला टॉवेल खाली पडला. माझ्या दोन्ही काखांखाली काळंनिळं. छातीवर आडवा पट्टा. थेट ह्यांच्यासारखा!

मी तिथेच मोरीच्या ओट्यावर बसले आणि विचार करता करता माझं मलाच हसू यायला लागलं. सगळं जुळलं. लव्हाळ्यात का जातात, तर तिथे पाणी कमी, कुणी बघत नाही. भिजून का येतात, चप्पल का हरवली, मासे धरायला वेळ का नाही, ते जाळीवाल्याकडून का आणावे लागतात. अहो, हे चोरून सराव करतायत! मुलगा बोलायच्याही आधीपासून! आणि तो बोलला तेव्हा गप्प बसले, कारण एके दिवशी सगळ्यांना चकित करायचंय. स्वभावच तसा. आमची पहिली शिलाईची मशीनसुद्धा अशीच आणली होती, मी रुसून बसले असताना.

आणि मी वेडी, काळजी करत होते.

ता. १५, शनिवार

मुलाला फोन केला. म्हटलं, पुढच्या रविवारी ये, बाबा चढून दाखवणार आहेत. "बाबा तयार झाले?" म्हटलं, तू ये तर खरं. बेडकीलाही सांगितलं. ती म्हणाली, "आजी, आजोबा असं म्हणाले?" मी म्हटलं, त्यांच्या काखा म्हणाल्या. ती हसली नाही. आजकालच्या पोरांना विनोद कळत नाही.

ह्यांना काही सांगितलं नाही. जेवताना नुसता डोळा मारला. हे म्हणाले, "डोळ्यात काही गेलं का?"

ता. २१, शुक्रवार

आज सांगावंच लागलं. मुलगा परवा येणार, म्हणजे ह्यांना निदान दाढी करायला तरी वेळ मिळावा.

"कशाला येतोय?"

"तुमची चाचणी बघायला. मला सगळं कळलंय," मी म्हटलं. "लव्हाळ्यात काय करता ते."

ह्यांचा चेहरा भिंतीसारखा पांढरा झाला. असा चेहरा मी त्यांची आई गेली तेव्हा बघितला होता.

"काय कळलंय?"

"चोरून शिकताय ते! आता लपवता कशाला?"

माझ्याकडे इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं चूक तर नाही ना झाली. मग ताट बाजूला सारलं, अर्धं जेवण तसंच. म्हणाले, "होडी देऊन टाकू. मलाच कंटाळा आलाय तिचा."

कंटाळा? होडीचा? माणूस श्वास घ्यायला कंटाळतो का? मग बाहेर गेले ते अंधार पडेपर्यंत वल्ह्यांना तेल लावत बसले. द्यायच्या वस्तूला कुणी इतकं तेल लावतं का? मला वाटलं होतं मला सगळं उलगडलं. आता तर आधीपेक्षा जास्त गुंता झालाय. मी केलं काय? एक फोन तर केला.

होडी गेली तर हा माणूस दिवसभर करणार काय? खिडकीत बसेल आणि तिथेच वाळून जाईल. मला ते बघवणार नाही.

ता. २३, रविवार

केस अजून ओले आहेत, पण आज लिहिणारच. कोंबडी आज नाचत जाणार.

सकाळी सगळे धक्क्यावर. मुलगा बूट घालूनच आला होता, जसा काही लिफ्टच तपासायला आलाय. बेडकी तिच्या छोट्या होडीत, जवळच तरंगत. हे आपल्या होडीजवळ उभे, दाढी केलेली, सदऱ्याची सगळी बटणं लावलेली. मुलगा म्हणाला, "बाबा, मग?" हे म्हणाले, "मला नाही जमणार. घेऊन जा तिला." असं म्हणून होडीच्या कडेवर हात ठेवला आणि काढून घेतला.

मुलाचा चेहरा पडला. त्याला जिंकायचं नव्हतं, हे मला तेव्हा दिसलं. पण तोही बापासारखाच, बोललेला शब्द मागे घेता येत नाही. "मग ठरलं तर," म्हणाला.

आणि मला कुठून राग आला कोण जाणे. मी म्हटलं, "थांबा! आधी माझं बघा. मी काय महिनाभर नुसती भिजायला जात होते?" ह्यांना म्हटलं, "चला, मला मधे न्या." हे नाही म्हणत होते. मी चढून बसले. जाकीट घातलेलं होतं. शेवटी वल्ही घेतली त्यांनी, पण धक्क्यापासून जरा दूर गेल्यावर थांबले आणि पुढे जाईनात. लव्हाळ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "इथेच बरं आहे," आणि धपकन उडी मारली. मुलगा "आई!" म्हणून ओरडला ते मी पाण्याखालून ऐकलं.

वर आले, हसले, होडीच्या मागे गेले आणि पायानं दोर शोधायला लागले. दोर नाही.

असणार कसा? ही बेडकीची होडी नव्हती. ही ह्यांची. बाहेर एक दोरा लोंबत नाही. कड उंच, आणि तेल पाजून काचेसारखी केलेली. हात ठेवला, घसरला. पुन्हा ठेवला, पाय होडीखाली गेले. पालथं आडवं व्हायला गेले तर कड इतकी उंच की पोट पोचेचना. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, आता काय?

"आजी, येऊ का?" बेडकीनं विचारलं.

"येशील तर बघ!" मी म्हटलं. मुलगा बघत होता ना.

हे माझा हात धरायला वाकले. वाकले तशी होडी माझ्यावर कलली, आत पाणी आलं. "आजोबा, तिच्या बाजूला नको! पलीकडे बसा!" बेडकी ओरडली. हे मागे झाले, पलीकडे बसले. पण मग त्यांना मी दिसेना.

"अगं, बोल," वरून आवाज आला. "बोलत राहा. गप्प बसू नकोस."

लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मला कुणी बोलत राहायला सांगितलं. मी बोलत सुटले. म्हटलं, पाणी गार आहे, घरी दूध झाकायचं राहिलंय, तुमच्या होडीला तेल पाजणारा हात मोडला पाहिजे. हे म्हणाले, "हातांनी ओढू नकोस, दमशील. नंतर बोटं वळत नाहीत. मागची कड धर आणि नुसते पाय मारत राहा. लव्हाळ्यापर्यंत नेता येते होडी. वेळ लागतो, पण नेता येते. तिथे पाय टेकतात."

"लव्हाळ्यात कशाला जाऊ?" मी म्हटलं. "मला इथेच चढायचंय!"

मी बेडकीकडे बघितलं, तर तिनं तोंडावर हात धरला होता. मुलगा खाली बसला होता, बुटांसकट, त्या ओल्या फळ्यांवर. मला वाटलं माझी अवस्था बघून. मी ओरडले, "रडायला काय झालं? दोर द्या की कुणीतरी!"

मग मी काय बघितलं, ते लिहून ठेवते. ह्यांनी ते वेटोळं उचललं, सापालाही लाजवणारं, आणि एका झटक्यात विस्कटलं. टोक फळीला बांधलं, मोठा फेरा केला आणि होडीच्या मागे, बाहेर सोडला. ह्यांनी! माझ्या पायाला लागला तो. "लांब झाला का?" "जरा आखूड करा." आखूड केला. मी पाय घातला, दुसऱ्या पायानं पाणी बडवलं, कोपर कडेवर, पोट कडेवर, आणि आले. माझं तोंड थेट ह्यांच्या पायाशी. वर बघितलं तर हे माझ्याकडे बघत नव्हते. दोराकडे बघत होते.

"पाय किती आत घालायचा?" म्हणाले.

"टाचेपर्यंत. नाहीतर निसटतो."

सदऱ्याची बटणं काढायला लागले. ती इतकी घट्ट लावलेली, की शेवटची दोन मीच काढली. मी माझं जाकीट काढून त्यांच्या अंगात घातलं. मग कडेला धरून हळूहळू पाण्यात उतरले, गरम पाण्यात उतरावं तसे. पाणी मानेपर्यंत आलं आणि डोळे मिटले. मी पलीकडे सरकून बसले आणि बोलत राहिले. कोण बोलत राहा म्हणालं होतं! म्हटलं, पाय मागे, पाय वर, उभ्यानं नको, ही काय बस आहे? एकदा पाय होडीखाली गेले. त्यांचा श्वास असा झाला, की बेडकीनं वल्हं उचललं. मी म्हटलं, "अहो, दोर आहे. दोर तिथेच आहे." मग पाय सापडला त्यांना. मग कोपर आलं, मग छाती, आणि मग सगळा माणूस, पाण्यानं निथळत, होडीच्या तळात.

तिथेच पडून राहिले आभाळाकडे बघत. मी म्हटलं, "झालं की!"

"एवढाच दोर हवा होता," म्हणाले. "एवढाच."

"तेच तर मी सांगत होते! आणि मग लव्हाळ्यात इतके दिवस सराव कशाचा करत होता?"

माझ्याकडे बघितलं. मग हसले, किती दिवसांनी. "केला," म्हणाले. "एकदाच केला."

एकदाच्या सरावानं माणूस इतका काळानिळा होतो? आणि एकदाच केला तर बाकीचे दिवस काय केलं? मी विचारणार होते, पण तोवर धक्का आला आणि मुलानं बापाला असं धरलं की त्याचाही शर्ट ओला झाला. चाचणीबद्दल कुणी काही बोललंच नाही. होडी शाळेला द्यायचंही कुणी बोललं नाही. मुलगा एवढंच म्हणाला, "बाबा, दोर तसाच राहू द्या. आणि जाकीट. रोज." हे म्हणाले, "हो." मीठ कमी पडल्यावर ओरडणारा माणूस, नुसतं हो!

निघताना मी दोर गुंडाळायला गेले. ह्यांना आवडत नाही ना बाहेर लोंबलेला. तर म्हणाले, "राहू दे."

"नाडी दिसेल."

"दिसू दे."

ता. २६, बुधवार

आज मासा आणला. एकच, पण हातभर. साफ करायला घेतला आणि आधी ओठ बघितला. भोक होतं! छान, गोल, गळाचं. मी इतकी खूश झाले की खवले काढायचे सोडून हातात मासा घेऊन बाहेर ह्यांना दाखवायला गेले. हे म्हणाले, "मीच धरलाय तो. मला काय दाखवतेस?"

दुपारी जाळीवाला आला. पाठीमागे काहीतरी लपवलेलं. म्हणाला, "काकू, जाळ्यात काकांची मासोळी सापडली," आणि पुढे केली ती ह्यांची हरवलेली चप्पल. चिखलानं भरलेली, पण तीच. कुठे सापडली विचारलं तर म्हणे तलावाच्या मधोमध, जिथे सगळ्यात खोल आहे तिथे.

मी चप्पल धुतली, उन्हात ठेवली आणि तिच्याकडे बघत बसले. होडी धुतली म्हणाले होते. होडी लव्हाळ्यात बांधली होती. मग चप्पल मधोमध कशी गेली? चप्पल काय पोहत गेली? डोक्यात सगळं पुन्हा गोल गोल फिरायला लागलं. काखा, ओठ, लव्हाळं, "एकदाच केला". जुळतंय असं वाटतं, पण मला जुळवावंसं वाटत नाही.

संध्याकाळी ह्यांना विचारलंच. "अहो, ही तिकडे मधे कशी गेली?"

हे चप्पल हातात घेऊन बसले. मग म्हणाले, "उद्या सकाळी चल माझ्याबरोबर. मधे जाऊ. तिथे गेल्यावर सांगतो."

एक चप्पल कशी हरवली ते सांगायला माणसाला तलावाच्या मधोमध कशाला न्यायला लागतं, मला कळत नाही. इथे घरात सांगता येत नाही का? पण मी जाणार. जाकीट दाराला अडकवून ठेवलंय. आणि आत्ता जाऊन बघून आले, दोर बाहेरच आहे.